निशाण उतरल्यानंतरची युद्धनौका

‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका ज्या युद्धासाठी बांधायला घेतली होती, ते युद्ध तिच्या वाट्याला आलेच नाही. ‘एचएमएस हर्क्युलिस’ या नावाने तिची बांधणी १४ ऑक्टोबर १९४३ रोजी इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठी, विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत सुरू झाली. २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती पाण्यात उतरली, तेव्हा जपानने शरणागतीच्या करारावर सही करून वीस दिवस झाले होते. पुढच्या वर्षी काम थांबले. तीन चतुर्थांश तयार झालेली ही नौका स्कॉटलंडच्या खाडीत नांगरून ठेवण्यात आली आणि जवळपास दहा वर्षे तिथेच पडून राहिली. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत तिचे उरलेले काम झाले. तिरकी धावपट्टी आणि विमानाला झटक्याने पुढे ढकलणारे, वाफेवर चालणारे कॅटापल्ट ही तोवर आलेली नवी साधने तिच्यावर बसवली गेली. ४ मार्च १९६१ रोजी ब्रिटनमधल्या भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली.

तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा, आणि मरणाचाही, उलगडा तिच्या जन्मात आहे. हलक्या विमानवाहू नौकांचा हा वर्ग ब्रिटनने युद्धाच्या घाईत आखला होता. मोठ्या विमानवाहू नौका बांधायला वर्षानुवर्षे लागत आणि तेवढा वेळ हाताशी नव्हता. म्हणून या नौकांचा सांगाडा युद्धनौकेच्या नव्हे, तर व्यापारी जहाजाच्या मापदंडाने बांधायचे ठरले. चिलखती पत्रे नाहीत, इंजिने साधी, काम लष्करी बांधणीचा अनुभव नसलेल्या गोद्यांनाही जमेल असे. युद्ध संपेपर्यंत, फार तर तीनेक वर्षे टिकली तरी पुरे, असा हिशेब होता. त्या हिशेबाने पाहिले तर ‘विक्रांत’ने नौदलात काढलेली ३६ वर्षे हाच मोठा चमत्कार म्हणायला हवा. तिच्या भंगारात जाण्यावर हळहळणाऱ्या लेखनात हा मुद्दा सहसा येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या ब्रिटिश युद्धनौका नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या नौदलांनी घेतल्या, यात ‘विक्रांत’ एकटी नव्हती. ‘एचएमएस अकिलीस’ ही क्रूझर १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी भिडली होती. तीच ५ जुलै १९४८ रोजी ‘दिल्ली’ या नावाने भारतीय नौदलात आली. १९५६ साली त्या लढाईवर चित्रपट निघाला आणि त्यात ‘अकिलीस’चे काम ‘दिल्ली’नेच केले. १९६१ मध्ये तिने दीववर तोफा डागल्या, शेवटची वर्षे प्रशिक्षणाला वाहिली आणि १९७८ मध्ये ती निवृत्त होऊन मुंबईत मोडीत निघाली. ‘एचएमएस नायजेरिया’ १९५७ मध्ये ‘म्हैसूर’ झाली आणि १९८५ पर्यंत सेवेत राहिली. या दोन्ही नौका गेल्या तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही, कुणी न्यायालयात गेले नाही. पण ‘दिल्ली’चा एक तोफमंच काढून भारताने न्यूझीलंडला भेट दिला, कारण रिव्हर प्लेटच्या वेळी ‘अकिलीस’ न्यूझीलंडच्या ताफ्यात होती. तो ऑकलंडजवळच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या दाराशी आजही उभा आहे. संपूर्ण नौका ठेवता येत नसेल तर तिचा कोणता भाग ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर भारताने १९७८ नंतर एकदा दिलेले होते, तेही परक्या देशासाठी. स्वतःच्या नौकेवर वेळ आली तेव्हा ते विसरले गेले.

‘विक्रांत’च्या सेवेचा आलेख सरळ चढता नाही. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी ती मुंबईत पोहोचली आणि बॅलार्ड पिअरवर पंतप्रधान नेहरूंनी तिचे स्वागत केले. त्याआधीच, १८ मे रोजी, तिच्यावर पहिले जेट विमान उतरवणारे वैमानिक होते राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी. पुढे तेच नौदलप्रमुख झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी ती किनाऱ्याबाहेर गस्तीला होती. १९६५ चे युद्ध सुरू झाले तेव्हा ती मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती, आणि पाकिस्तानने मात्र ती बुडवल्याचे जाहीर करून टाकले. युद्धनौकेचा बराचसा काळ समुद्रात नव्हे, गोदीतच जातो. ‘विक्रांत’ला हे वास्तव आयुष्यभर पुरले.

जून १९७० मध्ये तिच्या बॉयलरांच्या ड्रमना तडे गेल्याचे आढळले. बदली ड्रम इतक्या लवकर मिळण्यासारखे नव्हते. पूर्ण वाफेवर चालवणे धोक्याचे, आणि विमान उडवायला तर वेग हवाच. कारण डेकवरून विमानाला मिळणारा वारा नौकेच्या वेगातून येतो. तिची मूळ क्षमता २४-२५ नॉटची होती. बॉयलरांवरचा दाब मर्यादित ठेवून १६ नॉटच्या आसपास तिला चालवायचे, असा निर्णय झाला. १९७१ च्या मध्यावर ती पूर्व किनाऱ्यावर आली. व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन पूर्व विभागाचे प्रमुख होते, कॅप्टन स्वराज प्रकाश नौकेचे. तिच्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबरला ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. फ्रेंच बनावटीच्या अॅलिझे विमानांनीही आपली कामगिरी बजावली. पूर्व बंगालची बंदरे समुद्राकडून बंद झाली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

या बारा दिवसांच्या जोरावर ‘विक्रांत’ राष्ट्रीय स्मृतीत जाऊन बसली आणि ते योग्यच आहे. पण त्या स्मृतीमुळे एक गैरसमजही पक्का झाला: नौका अजिंक्य होती, मग ती टिकवता का येऊ नये? प्रत्यक्षात १९७१ ची खरी कामगिरी आजारी नौकेकडून काम करून घेणाऱ्या इंजिनघरातल्या माणसांची होती. पोलाद तेव्हाही थकलेलेच होते.

युद्धानंतर तिला नवे आयुष्य देण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. १९७९ ते १९८२ या काळात बॉयलर बदलले गेले आणि इतर यंत्रणा अद्ययावत झाल्या. १९८३ च्या अखेरीस सी हॅरियर विमाने गोव्यात दाखल झाली आणि त्याच डिसेंबरात तिच्या डेकवर उतरली. ही विमाने कॅटापल्टशिवाय, आखूड धाव घेऊन उडत आणि सरळ खाली उतरत. म्हणून १९८७-८९ च्या दुरुस्तीत कॅटापल्ट काढून पुढच्या टोकाला ९.७५ अंशांची चढण, म्हणजे स्की-जंप, बसवण्यात आली. अॅलिझेला मात्र कॅटापल्टखेरीज गत्यंतर नव्हते; ‘विक्रांत’वरून तिचे शेवटचे उड्डाण एप्रिल १९८७ मध्ये झाले. एका बांधणीवर तीन पिढ्यांची विमाने चालवण्याचा हा खटाटोप कौतुकास्पद होता, तरी त्यात खर्च वाढत गेला आणि समुद्रावरचे दिवस घटत गेले. १९८७ मध्ये ‘विराट’ आली आणि ‘विक्रांत’चे महत्त्व ओसरू लागले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ती शेवटची समुद्रात गेली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी तिचे निशाण उतरले.

या टप्प्यावर नाशिकजवळच्या ओझरचा उल्लेख विषयांतर वाटेल, पण तसा तो नाही. समुद्रापासून दूर, निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांशेजारी, १९६० च्या दशकात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना उभा राहिला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. १९६३ मध्ये नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. मिग-२१ चा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी विभागणी झाली. सहाशेहून अधिक मिग-२१ या व्यवस्थेतून तयार झाले. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० ही विमानेही ओझरला बनली, आणि हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपोही इथेच आहे. ओझरच्या दुकानात किंवा एसटीत यंत्राच्या म्हातारपणाविषयी जे सहज बोलले जाते ते विमानाच्या भाषेत असते: किती तास उडाले, कितवा ओव्हरहॉल, किती आयुष्य वाढवून मिळाले.

ही भाषा आणि नौकेची भाषा वेगळी आहे, आणि निवृत्तीनंतरच्या सगळ्या गोंधळाचे मूळ या वेगळेपणात आहे. विमानाचे आयुष्य तासांत आणि वर्षांत मोजून कागदावर लिहिलेले असते. ओव्हरहॉलला आल्यावर ते सुटे होते, भाग तपासले जातात, बदलले जातात आणि पुन्हा जोडले जाते. नौका अशी सुटी करता येत नाही. तिचा पाण्याखालचा पत्रा हीच तिची जमीन असते, आणि तो पत्रा पाहायचा तर सुकी गोदी लागते. निवृत्तीनंतर विमानाचे इंजिन आणि धोकादायक द्रव काढले, चाकांखाली चौथरा बांधला, वर्षा-दोन वर्षांनी रंगाचा हात दिला, की एखाद्या नगरपालिकेलाही ते सांभाळता येते. म्हणूनच देशभर चौकांत आणि शाळांच्या आवारात निवृत्त विमाने दिसतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला, तेव्हा त्याचे काय करायचे हा प्रश्न कुणाला फारसा पडला नाही. काही विमाने चौथऱ्यावर, काही संग्रहालयांत, काही भंगारात. ‘विक्रांत’च्या डेकवरून उडणारी सी हॉक, अॅलिझे आणि सी हॅरियर ही विमानेही गोव्यातल्या नौदल उड्डयन संग्रहालयात उभी आहेत. डेक वितळला, पण त्यावरून उडालेली विमाने उरली, ही विसंगती सहज समजण्यासारखी आहे.

तरंगत्या पोलादाला पाणी सतत खात असते. सर्वांत जास्त झीज पाण्याच्या रेषेवर होते, जिथे लाट, हवा आणि मीठ आळीपाळीने लागतात. सेवेतली नौका ठरावीक काळाने गोदीत येते, तळ खरवडला जातो, पत्रे बदलले जातात, झिंकचे ठोकळे नवे बसतात. निवृत्तीनंतर हे थांबते, पण पाणी थांबत नाही. अमेरिकेतली ‘टेक्सस’ ही १९४८ पासून संग्रहालय असलेली युद्धनौका सतत गळत राहिली आणि अखेर २०२२ मध्ये तिला गॅल्व्हेस्टनच्या गोदीत न्यावे लागले. ब्रिटनने ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून सुक्या गोदीतच ठेवली. जपानने ‘मिकासा’ योकोसुकाच्या किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये पक्की केली. पाण्यात तरंगत राहून टिकलेल्या मोठ्या नौका मोजक्या आहेत, आणि त्यांच्यामागे उत्पन्न आणि मालक असतो. सान डिएगोतल्या ‘मिडवे’ या विमानवाहू नौकेला दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोक भेट देतात. पण १९९२ मध्ये निवृत्त झालेली ही नौका २००४ मध्ये संग्रहालय झाली. मधली बारा वर्षे अमेरिकी नौदलाने तिची देखभाल केली आणि एका संस्थेने जागा, पैसा आणि परवाने जमवले.

‘विक्रांत’च्या बाबतीत असा मालक नेमलाच गेला नाही. तिचे संग्रहालय मुंबईत व्हावे ही कल्पना मान्य होती आणि नौदलाने अधूनमधून लोकांना ती पाहू दिली. हजारो मुलांनी ती पाहिली. पण जागा ठरली नाही, राज्य सरकारला खर्चाचा भार उचलवला नाही आणि खासगी भागीदार मिळाला नाही. नौदलाने आपल्या गोदीत तिला जागा दिली, काही प्रमाणात देखभालही केली. ती जागा सेवेतल्या नौकांची होती आणि पैसा युद्धसज्जतेचा होता, त्यामुळे ही व्यवस्था कायम चालणे शक्य नव्हते. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती प्रेक्षकांसाठी बंद झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल शेखर सिन्हा यांनी ती भंगारात काढावी लागेल असे सांगितले. तोवर ती निवृत्त होऊन साडेसोळा वर्षे लोटली होती.

त्यानंतरच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. तिला भंगारात काढण्याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळली आणि त्याच महिन्यात ई-लिलावात नौका सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात ‘जैसे थे’चा आदेश मिळाला, ऑगस्टमध्ये तो उठला. तोवर टगच्या मदतीने तिला मुंबईतल्या दारूखान्याच्या जहाजतोड गोदीत नेण्यात आले होते, आणि नोव्हेंबरात गॅस कटर चालू झाले. तिच्या पोलादातला काही भाग बजाज ऑटोने घेतला. २०१६ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘व्ही’ मोटारसायकलच्या पेट्रोलटाकीशी त्या धातूची जाहिरात जोडली गेली. मुंबईतल्या लायन गेटजवळ तिच्या भंगारातून घडवलेले अर्झान खंबाटा यांचे शिल्पही जानेवारी २०१६ मध्ये उभे राहिले. देशभक्तीचा भाग मोटारसायकलला विकला जातो आणि नौकेचा भाग संग्रहालयाला मिळत नाही, हा व्यवहार बाजाराला शोभणारा आहे. दोष त्याचा नाही.

२०१४ मध्ये नौका विकणे चूक होते, ही तक्रार पटणारी नाही. त्या वर्षी हाती जे होते ते हजारो टनांचे गंजलेले पोलाद होते, ज्याच्या तळाची दुरुस्ती करायला सुकी गोदी अनेक महिने अडवावी लागली असती. चूक झाली ती १९९७ पासून २०१२ पर्यंतच्या पंधरा वर्षांत, आणि ती चूक निर्णय न घेण्याची होती. तेव्हा दोनच मार्ग खरे होते. पहिला, पूर्ण नौका वाचवायची असेल तर निशाण उतरण्याआधी जागा, गोदी आणि वार्षिक खर्चाचा धनी ठरवायचा. दुसरा, ते जमत नसेल तर मोडतोडीच्या आधीच तिचे निवडक भाग जमिनीवर आणायचे: नियंत्रण कक्ष असलेला डेकवरचा मनोरा, एखादा बॉयलर, लिफ्ट, स्की-जंपचा तुकडा. बॉयलर तर आवर्जून, कारण १९७१ ची कथा त्याच्याशिवाय अपुरी राहते. ‘दिल्ली’चा तोफमंच वाचवणाऱ्या नौदलाला हे अशक्य नव्हते. संपूर्ण नौका हवी की काहीच नको, अशा भूमिकेत अखेर काहीच उरत नाही, एवढे ‘विक्रांत’ने दाखवले.

इथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. युद्धनौका ही केवळ लोखंड नव्हे. तिच्यावर माणसे झिजली, शौर्यपदके मिळाली, म्हणून तिचा हिशेब केवळ खर्चात करणे हा करंटेपणा आहे, असे माजी नौसैनिक म्हणतात. हा आक्षेप मनापासूनचा आहे, पण तो नौकेला जपण्याचा खर्च कुणी करायचा याबद्दल काही सांगत नाही. भावनेने गंज थांबत नाही. शिवाय या कुळातल्या इतर नौकांचे काय झाले ते पाहिले तर ‘विक्रांत’च्या वाट्याला काही वेगळे आले असे म्हणता येत नाही. कॅनडाची ‘बोनाव्हेंचर’ तैवानमध्ये मोडली गेली, ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ दक्षिण कोरियात. ‘मेलबर्न’ चीनने १९८५ मध्ये भंगार म्हणून घेतली आणि तोडण्याआधी तिचा बारकाईने अभ्यास केला. भंगाराचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसावा. ब्राझीलची ‘मिनास जेराइस’ आणि अर्जेंटिनाची ‘व्हेंतिसिंको दे मायो’ या दोन्ही शेवटी गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर आल्या. २००४ नंतर या वर्गातली अखंड उरलेली एकटी ‘विक्रांत’ होती. तिच्या जतनाचा खरा भक्कम युक्तिवाद हाच होता, आणि तोच फारसा मांडला गेला नाही. १९७१ च्या विजयाचे स्मारक म्हणून इतर अनेक वस्तू उभ्या करता येतात. तीनेक वर्षांसाठी बांधलेल्या, साम्राज्याच्या अखेरच्या काळातल्या गोदीकामाचा शेवटचा नमुना मात्र जगात दुसरा नव्हता.

‘विराट’च्या वेळी हीच कथा मोठ्या आकड्यांत घडली. १९४४ मध्ये बांधायला घेतलेली ‘एचएमएस हर्मिस’ १९५९ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ताफ्याची मुख्य नौका होती. १२ मे १९८७ रोजी ती ‘विराट’ झाली. ६ मार्च २०१७ रोजी तिचे निशाण उतरले. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ तिचे संग्रहालय आणि साहसी पर्यटन केंद्र करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. पैसा सरकार आणि खासगी भागीदार मिळून उभारायचा होता, आणि तो उभा राहिला नाही. २०२० मध्ये ती ३८.५४ कोटी रुपयांना विकली गेली, त्याच सप्टेंबरात अलंगला पोहोचली. तिला वाचवू पाहणाऱ्या एका कंपनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तोडकामाला स्थगिती दिली. एप्रिलमध्ये याचिका फेटाळली, तोवर नौकेचा मोठा भाग तुटला होता. विकण्याची किंमत ३८ कोटी आणि जपण्याची ८५२ कोटी, या दोन आकड्यांतले अंतर ज्यांना सांधायचे आहे त्यांनी पहिल्या दिवशीच पैशाची व्यवस्था दाखवायला हवी. तशी ती दाखवली नाही तर नौका जपण्याचा ठराव प्रत्यक्षात भंगाराच्या लिलावाला होणारा उशीर ठरतो. त्या काळात तळ आणखी गंजतो आणि किंमत घटते.

जपण्यात यश आलेल्या भारतीय नौकांकडे पाहिले की फरक स्पष्ट होतो. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर वाळूत, काँक्रीटच्या आधारावर, संग्रहालय म्हणून उभी राहिली. दीडएक वर्षात निर्णय झाला, आकार लहान होता, नौका पाण्याबाहेर आली आणि शहराने तिला आपले मानले. मिग-२१ ला ओझरच्या लोकांनी जसे आपले मानले, त्याहून हे वेगळे नाही. युद्धनौकेच्या जतनात सर्वांत स्वस्त मार्ग तिला पाण्याबाहेर काढण्याचा, आणि सर्वांत महाग तिला पाण्यात ठेवण्याचा. विमानवाहू नौकेचा आकार हा स्वस्त मार्ग बंद करतो. म्हणूनच तिच्याबाबत भाग निवडणे अटळ ठरते.

नौदल स्वतः या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहते. नौका जाते, तिचे नाव राहते. ‘दिल्ली’ हे नाव १९९७ मध्ये माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विनाशिकेने घेतले, ‘म्हैसूर’ १९९९ मध्ये. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी ‘विक्रांत’ दाखल झाली. ही २६२ मीटर लांबीची नौका देशात बांधलेली पहिली विमानवाहू नौका आहे. नौदलाच्या दृष्टीने परंपरा चालू आहे, जुन्या सांगाड्याची गरज नाही. ही भूमिका तर्काला धरून आहे, पण नागरिकांच्या इतिहासाच्या गरजा नौदलाच्या गरजांपेक्षा वेगळ्या असतात. नाव पुढे गेल्याने १९४३ च्या टाइनकाठच्या गोदीकामगारांनी काय बांधले आणि १९७१ च्या इंजिनघरातल्यांनी ते कसे चालवले, हे कळत नाही. ते कळायला वस्तू लागते आणि ती जपण्याची जबाबदारी घेणारा मुलकी विभाग लागतो.

सिंधुदुर्गातच आता निराळा प्रयोग ठरला आहे. पोलंडमध्ये बांधलेली, ८४ मीटर लांबीची ‘गुलदार’ ही रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी नौका १९८५ च्या अखेरीस नौदलात आली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली असून निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक करण्याची योजना आहे. केंद्राकडून तिला सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर झाले. अमेरिकेने २००६ मध्ये ‘ओरिस्कानी’ ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली होती. या मार्गात तरंगत ठेवण्याचा खर्च नाही, पण अट एक आहे. तेल, घातक रंग, केबल आणि इतर दूषित सामान काढून नौका पूर्ण धुतल्याखेरीज ती खाली जाऊ द्यायची नाही, आणि खाली गेल्यावर पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या सुरक्षिततेची तपासणी नेमाने करायची. ‘विक्रांत’ने काय हवे ते दाखवून दिले होते: नौका ज्या विभागाकडे द्यायची त्याचे नाव आणि त्याच्या अर्थसंकल्पातली रक्कम. ‘गुलदार’बाबत या दोन्ही गोष्टी कागदावर आहेत.